निदान निदान तरी!

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोग ओळखणे. दुसरा, कमीत कमी. आपल्या वाडवडिलांनी हे दोन अर्थ एकाच शब्दात का कोंबले असावेत, याचा उलगडा मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एका मोटारीने करून दिला. रोग ओळखणं हे कमीत कमी तरी केलंच पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ. औषध नंतर द्या, पथ्य नंतर सांगा, बिल तर सगळ्यात शेवटी करा. पण निदान निदान तरी करा! माझं आजच्या जगाशी जे भांडण आहे ते एवढंच आहे, आणि ते मिटवायचं नाही असं ठरवूनच मी लिहायला बसलो आहे.

आधी वादीची ओळख. मी मालेगावचा. ‘अरे वा, मालेगाव!’ असं म्हणून तुम्ही लगेच यंत्रमागांची चौकशी कराल म्हणून सांगून टाकतो, ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं. आमचं वाशीम जिल्ह्यातलं. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. त्याआधी आम्ही ‘अकोल्याकडचं मालेगाव’ होतो, आता ‘वाशीमकडचं’ आहोत. नुसतं ‘मालेगाव’ होण्याचा योग आमच्या पत्रिकेत नाही. इथल्या शाळेत मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष’ हे तीन शब्द फळ्यावर लिहून लिहून माझा खांदा दुखू लागला, तेव्हा सरकारने मला निवृत्त केलं.

पूर्वी मुलगे बापाचे जुने कोट घालत. आता बाप मुलाची जुनी मोटार वापरतो. आमच्या चिरंजीवांनी पुण्यात नवी गाडी घेतली आणि सहा वर्षं वापरलेली जुनी आम्हाला आणून दिली. देताना तो म्हणाला, ‘‘बाबा, हिच्यात क्रूझ कंट्रोल आहे.’’ मुलगी देताना ‘हिला पोळ्या उत्तम येतात’ म्हणावं, तशा सुरात.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्टिअरिंगवर अंगठ्याजवळ दोन-तीन बटणं असतात. रस्ता मोकळा असला की हवा तो वेग गाठायचा, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. मग गाडी तोच वेग आपणहून धरून ठेवते. चढ आला की स्वतःच जोर लावते, उतार आला की स्वतःच आवरतं घेते. ब्रेकवर जरा पाय टेकवला की मात्र ती सगळा कारभार तत्क्षणी तुमच्या स्वाधीन करते. आमच्या वऱ्हाडात ही सोय फार पूर्वीपासून होती. बाजार करून परतणारा शेतकरी बैलगाडीत घोंगडी पांघरून खुशाल झोपत असे आणि बैल त्याला एकाच चालीने घरी आणून सोडत. शिवाय घर आलं की ते थांबत. मोटारीला अजून ते जमलेलं नाही.

समृद्धी महामार्गामुळे आमच्या गावाजवळ या बटणांना काही अर्थ आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा उघडून सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. त्यावर चढायला-उतरायला मालेगावची वाट आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. मी शंभरावर बटण दाबायचो आणि पाय आखडून बसायचो. ‘‘अहो, पाय खाली ठेवा, मला भीती वाटते,’’ असं आमची ही म्हणायची. ‘‘पाय खालीच आहे, फक्त त्याला काम नाही,’’ असं मी म्हणायचो. ‘‘म्हणजे घरातल्यासारखंच,’’ असं ती म्हणायची. एकूण प्रवास सुखाचा होई.

एके दिवशी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. चार दिवसांनी ते आपोआप चालू झालं, पुन्हा रुसलं. कधी चाले, कधी न चाले. त्याच सुमाराला दोनदा सकाळी बॅटरी उतरलेली आढळली. गल्लीतल्या पोरांनी गाडी ढकलली आणि वर ‘‘सर, आता आम्हीच क्रूझ कंट्रोल,’’ अशी कोटीही केली.

मग मी गाडी परगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात नेली. कोणत्या, ते सांगत नाही. कारण ते कोणतंही असू शकतं हेच माझं म्हणणं आहे. तिथे गार हवा होती, कॉफी होती, सोफा होता. सोफ्यापुढे काचेची भिंत होती आणि भिंतीपलीकडे माझी गाडी. पूर्वी दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकांना बाहेर बसवत, इथे साध्या खोकल्यालाही बसवतात. टाय लावलेला एक तरुण सल्लागार आला. वागायला अतिशय गोड. त्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘सर, सिस्टिम सगळी ओके दाखवतेय. एकही फॉल्ट नाही.’’

‘‘मग क्रूझ चालत का नाही?’’

‘‘म्हणूनच सर, स्टिअरिंगवरचा पूर्ण सेट बदलावा लागेल.’’

वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. सगळं ठीक आहे, म्हणूनच बदलावं लागेल! पस्तीस वर्षांत एकाही नापास मुलाने माझ्या उत्तरपत्रिकेत असं अनुमान काढलं नव्हतं. बैल लंगडायला लागला तर अडाण्यातला अडाणी शेतकरी आधी त्याचा खूर उचलून पाहतो. खुरात काटा दिसला नाही, सबब शिंगं बदलून टाका, असं वऱ्हाडात अजून कोणी म्हटलेलं नाही. पण त्या गार हवेत मला हे काहीच सुचलं नाही. मी फक्त विचारलं, ‘‘किती?’’

‘‘अठ्ठावीस हजार चारशे, सर. जीएसटी धरून.’’

आणि मी, विज्ञानाचा निवृत्त शिक्षक, ‘‘बरं,’’ म्हणालो.

बॅटरी तेवढी त्यांनी त्याच दिवशी बदलली. बॅटरी उतरते ना, मग बदला बॅटरी. ती का उतरते, हा प्रश्न त्यांच्या कागदात कुठल्या रकान्यातच बसत नव्हता. नवी बॅटरीही आठवड्यात आडवी झाली. फोन केला तेव्हा गोड आवाजात सल्ला मिळाला, ‘‘सर, तोपर्यंत रात्री बॅटरीची वायर काढून ठेवत चला.’’ मी रोज रात्री गुरं सोडल्यासारखी वायर सोडू लागलो आणि सकाळी बांधू लागलो.

स्टिअरिंगचा सेट मागवला होता. तीन आठवड्यांनी चौकशी केली तर उत्तर आलं, ‘‘सर, पार्ट तर केव्हाच मालेगावला पोचलाय.’’ पोचला होता खरा. पण त्या मालेगावला! त्यांच्या यंत्राने गावाचं नाव वाचलं होतं, जिल्हा वाचण्याची तसदी घेतली नव्हती. आयुष्यभर या नावामुळे माझी पत्रं, पार्सलं आणि एकदा एक स्थळसुद्धा चुकीच्या गावी गेलं. त्या सगळ्याची भरपाई या एका चुकीने झाली. कारण मधल्या दिवसांत एक टायर पंक्चर झालं आणि मी अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रीकडे गेलो.

त्याच्याकडे सोफा नाही. एक जुनं टायर आहे, त्यावर बसायचं. गाडी बंद करून, किल्ली खिशात घालून मी त्यावर बसलो. मिस्त्री मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि लगेच मान वर करून म्हणाला, ‘‘सर, गाडीत कोनी बसलं हाये का ब्रेक दाबून?’’

‘‘नाही. का?’’

‘‘मंग हे मांगचे लाइट कायले जयून राह्यले?’’

मी उठून मागे गेलो. भर उन्हात दोन्ही लाल दिवे मंद, शांतपणे जळत होते. मिस्त्रीने पंक्चर सोडलं, दातात विजेरी धरली आणि ब्रेकच्या पायपट्टीखाली डोकं घातलं. दोन मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर भुगा झालेल्या रबराचे तीन-चार तुकडे होते, खोडरबर झिजल्यावर पडतात तसे.

गोष्ट अशी होती. ब्रेकच्या पायपट्टीच्या वर एक छोटा स्विच असतो. पट्टी मोकळी असताना तिच्यावरचं एक रबरी बटण त्या स्विचची कांडी दाबून धरतं. पाय पडला की पट्टी पुढे सरकते, कांडी सुटते, मागचे लाल दिवे लागतात आणि त्याच वेळी क्रूझ कंट्रोलला निरोप जातो, ‘मालकाने ब्रेक लावला, तू बाजूला हो.’ हे रबर सहा उन्हाळ्यांत कडक होऊन फुटलं. त्याच्या जागी भोक राहिलं आणि कांडी त्या भोकात शिरून कायमची सुटली. तुकडा अडकून राही त्या दिवशी क्रूझ चाले, निसटे त्या दिवशी न चाले. मिस्त्रीने हे सगळं एका वाक्यात सांगितलं, ‘‘गाडीले वाटते का तुमी ब्रेकवर पाय ठिऊन बसले, मंग थे आपल्या मनानं कायले पयते?’’

मी तिथेच टायरवर बसून हिशोब केला. मागचे दोन दिवे, प्रत्येकी एकवीस वॅटचे. बारा व्होल्टांवर साडेतीन अँपिअर. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी दहा तासांत रिकामी. आठवी-नववीचं गणित! आणि कॉम्प्युटरला दोष का सापडला नाही? कारण त्याच्या दृष्टीने दोष नव्हताच. ब्रेक दाबलेला आहे, असं स्विच सांगत होता. ब्रेक दाबलेला असताना क्रूझ चालू नये, हा तर नियमच. पडद्यावर चार ओळी खाली ‘ब्रेक : चालू’ असं लिहिलेलं असणार. गाडीत कोणी बसलेलं नसताना ब्रेक चालू कसा, एवढा एक प्रश्न कोणीतरी माणसाने विचारायला हवा होता. तो विचारायला कॉम्प्युटर लागत नाही, माणूस लागतो.

इथपर्यंत ही विनोदी गोष्ट आहे. पुढची नाही.

त्याच्या पंधराच दिवस आधी आम्ही समृद्धीवरून उतरत होतो. मागच्या सीटवर नातू झोपला होता. टोलनाक्याच्या अलीकडे मी ब्रेक लावला आणि मागून एक ट्रक कर्कश किंचाळत आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, ‘‘ब्रेक मारायचा तर समजू द्या ना!’’ मी त्याला दारुडा म्हणालो. नंबर लिहून घेण्याची धमकी दिली. तो बिचारा पुटपुटत निघून गेला. आता रबराचे तुकडे हातात घेऊन मला कळलं, की तो शुद्धीवर होता आणि अक्षरशः खरं बोलत होता. माझे लाल दिवे मैलोगणती जळतच होते. मी खरोखर ब्रेक लावला तो क्षण त्याला कळणार कसा? लांडगा आला रे, असं माझी गाडी सारखी ओरडत होती. अठ्ठावीस हजारांचा नवा सेट बसवला असता तरी ती तशीच ओरडत राहिली असती. म्हणून म्हणतो, निदान न करता केलेली दुरुस्ती नुसती महाग नसते. रोग तसाच ठेवून रोग्याला नवे कपडे घातले, की तो बरा झाला असं सगळ्यांना वाटू लागतं. ती घातक असते ती त्यामुळे.

या क्रूझ कंट्रोलचा जन्म तर ऐकण्यासारखा आहे. यंत्राचा वेग आपोआप आवरण्याची युक्ती जुनीच. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला त्यासाठी दोन फिरते गोळे लावले होते. पण मोटारीसाठी ही सोय शोधली ती अमेरिकेतल्या राल्फ टीटर नावाच्या इंजिनिअरने. पाच वर्षांचा असताना त्याचे डोळे गेले. असं सांगतात, की त्याचा वकील बोलता बोलता गाडी हळू चालवी आणि ऐकता ऐकता जोरात. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरने हे यंत्र मनावर घेतलं. १९५० साली त्याला पेटंट मिळालं आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीने ते आपल्या गाड्यांत बसवलं. दृष्टी नसलेल्या माणसाने सीटवर बसून दोष कुठे आहे ते ओळखलं. आणि आम्ही डोळसांनी, मी, सल्लागार, त्याचा कॉम्प्युटर, कोणीही गाडीच्या मागे दहा पावलं चालत जाऊन पाहिलं नाही!

कोणी म्हणेल, हे मिस्त्रीपुराण फार झालं. सगळे मिस्त्री देव नसतात. कबूल! एका मिस्त्रीने माझ्या जुन्या स्कूटरचा आवाज बंद करण्यासाठी हातोडा वापरला होता. आवाज बंद झाला, स्कूटरही झाली. दुसरं कोणी म्हणेल, आजच्या गाड्या म्हणजे चाकांवरचे कॉम्प्युटर, रस्त्याकडेच्या माणसाला त्यातलं काय कळणार? त्याला कळावं म्हणून साधनं दिली कोणी? शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांवर दंड सुनावला होता. ठपका हाच, की सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. अर्थात पुढे अपिलं झालीच. २४ डिसेंबर २०२२ ला सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही उघडलं, त्यात मोटारीही आहेत. एखाद्याच्या हातून पाटी काढून घ्यायची आणि मग त्याला निरक्षर म्हणायचं, हा न्याय शाळेत चालत नाही, तो रस्त्यावर का चालावा?

तेव्हा माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली : खर्चाचा आकडा सांगण्याआधी दोष काय आहे ते एका वाक्यात, मराठीत, कागदावर लिहून द्यावं. ‘बदलावं लागेल’ हे दोषाचं नाव नव्हे. दुसरी : काढलेला जुना भाग माझ्या हातात द्यावा, तो खरोखर मेला होता का, ते मला पाहू द्या. तिसरी : तपासण्याची फी वेगळी लावावी, भरपूर लावावी, आणि ती बिलात पहिल्या ओळीत असावी. जोपर्यंत पैसा फक्त वस्तू विकण्यात आहे, तोपर्यंत जगातला प्रत्येक रोग वस्तू बदलण्याचाच निघणार.

या तिसऱ्या मागणीपाशी मात्र वादी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचं रबरी बटण शोधून बसवलं. लाल दिवे विझले. बटण दाबून मोकळ्या रस्त्यावर चार किलोमीटर फेरी मारली. क्रूझ जुन्या इमानाने चाललं, ब्रेकला पाय लावताच नम्रपणे बाजूला झालं. परत येऊन विचारलं, ‘‘किती झाले?’’ तो म्हणाला, ‘‘पंक्चरचे शंभर. बाकी द्या काय द्याचे थे.’’ मी दीडशे काढून दिले आणि माझ्या औदार्यावर खूश होऊन घरी आलो.

सगळी कथा हिला रंगवून सांगितली. ती म्हणाली, ‘‘रात्री भिंतीवर लाल उजेड दिसतो, असं मी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.’’ सांगितलं होतं. चोराला धाक बसावा म्हणून गाडीत अशी सोय असते, असं शास्त्रीय उत्तर मीच दिलं होतं. मग ती जरा थांबून म्हणाली, ‘‘आणि त्या रबराचे किती दिले?’’

‘‘पन्नास.’’

‘‘आणि तिकडे किती द्यायला निघाला होता?’’

दुसऱ्या दिवशी पाचशेची नोट घेऊन गेलो. मिस्त्री घाबरला. ‘‘काहून सर, पुन्हा लागले का लाइट?’’

‘‘नाही. कालचे पाहण्याचे पैसे राहिले.’’

‘‘पाह्याचे कायचे पैसे, सर?’’ तो मनापासून हसला आणि हात मागे घेतला. तिथेच सगळा घोटाळा आहे. पाहण्याला किंमत असते हे सर्व्हिस सेंटरला ठाऊक नाही, मला नव्हतं, आणि ज्याला पाहता येतं त्यालाही नाही. शेवटी, नातवाच्या हातून दिले असते तर घेतले असतेस ना, असं म्हणून नोट त्याच्या खिशात कोंबली. त्याला काही समजलं नाही. मीही ट्रकची गोष्ट सांगितली नाही.

आता रोज रात्री झोपण्यापूर्वी मी गाडीच्या मागे दहा पावलं चालत जातो आणि भिंत पाहतो. ती काळीकुट्ट असते. आतून ही विचारते, ‘‘काही दिसतं का?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग या आता आत.’’